पुढची काच अकराची, मागची आठची

दोडामार्ग,
रविवार, ५ जानेवारी २०२५

दत्तामामा,

तुम्हाला आणि मथुरामामीला नमस्कार. फोन करणार होते, पण मागच्या वेळी मी दहा मिनिटं बोलले आणि शेवटी तुम्ही मामीला विचारलंत, कोण होतं. म्हणून पत्र. मामीच्या मोबाईलवर मेसेज पाठवला तर तो आधी सुशांतदादा वाचतो, मग तन्वीवहिनी, मग शेजारी, आणि तुमच्यापर्यंत येईतो त्यात काय लिहिलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

मी गाडी घेतेय. दचकू नका, जुनी घेतेय. म्हापशाच्या इस्पितळात आम्ही दोडामार्गच्या चार नर्सेस आहोत: मी, अक्षया, सारिका आणि सीता. सकाळची ड्युटी सातची. पहिली बस चुकली की वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. अक्षयाला सहावा महिना लागलाय आणि तीही तशीच लोंबकळत येते. गाडी माझी आणि पेट्रोल चौघींचं, असं ठरलंय. चालवायला मी आणि सारिका दोघी शिकलोय.

सावंतवाडीला ओमकार नावाचा एक दलाल आहे. त्याच्याकडे चंदेरी रंगाची मोठी गाडी आहे, डिकीवाली, २०११ सालची. नवी छोटी गाडी माझ्या खिशाला झेपत नाही, ही झेपते. दिसायला देखणी आहे. आई म्हणते, "दत्तो हो म्हणासर किल्लीक हात लावचो नाय." पस्तीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकलेत तुम्ही. मग सांगा, जुनी गाडी बघायची कशी?

तुमची,
संचिता


कट्टा,
गुरुवार, ९ जानेवारी

संचू बाय,

आशीर्वाद. पत्र लिहिलंस ते बरं केलंस. कान गेले म्हणून गॅरेज बंद करून आठ-नऊ वर्षं झाली, पण डोळे शाबूत आहेत आणि पत्र मला पहिल्या झटक्यात ऐकू येतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला आवडलं नाही. "दिसायला देखणी." गाडी बघायला जाताना देखणेपण घरी ठेवून जायचं. नवऱ्यामुलाच्या बाबतीत तुझ्या आईने ते केलं नाही, म्हणून सांगतो. (हे तिला वाचून दाखवू नकोस.)

सकाळी लवकर जा आणि न सांगता जा. आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर समज की तू यायच्या आधी त्याने चालू करून घेतलीय, म्हणजे थंड असताना ती कुरकुरते. सीटचा पट्टा टोकापर्यंत ओढून बघ. शेवटच्या हातभर भागावर मातीचा डाग दिसला तर गाडी पुरात उभी होती. मग प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाच, त्यात सालाचा आकडा असतो. सगळ्या काचा एकाच सालच्या हव्यात. एखादी वेगळी निघाली तर का ते विचार. दलालाच्या उत्तराकडे लक्ष देऊ नको, उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या सीटवाले पाय ठेवतात तिथलं कार्पेट उचल. दलाल नको म्हणेल, तरी उचल. खालचा पत्रा सलग हवा. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, पत्रा गेला की गाडी गेली. आपल्याकडे मासळीवाले डिकीत बर्फाचे खोके घालून नेतात, त्याचं खारं पाणी पत्रा आतून खातं आणि वरून रंग तसाच हसत राहतो.

काय दिसतं ते सगळं लिही. तुला काय वाटलं ते लिहू नको, काय दिसलं ते लिही.

दत्तामामा


दोडामार्ग,
मंगळवार, १४ जानेवारी

मामा,

तिळगूळ घ्या. आज संक्रांत म्हणून ड्युटी दुसरीला दिली आणि सकाळी सावंतवाडी गाठली. तुमचं पत्र पर्समध्येच होतं.

बॉनेट थंडगार होतं. पट्टे स्वच्छ, मातीचा मागमूस नाही. मासळीचा वास नाही, डिकीचा पत्रा कोरा. काचा वाचल्या. पुढची आणि पुढच्या दोन दारांच्या काचा अकराच्या. मागची आणि मागच्या दोन दारांच्या आठच्या. हे वाचून मी दचकले. ओमकार म्हणाला, मागे झाड पडलं होतं, काचा जुन्या गाडीच्या घातल्या. बोलताना तो माझ्याकडेच बघत होता.

मग कार्पेट. तो खरंच नको म्हणाला, पण मी उचललं. पत्र्यावर या दारापासून त्या दारापर्यंत आडवी एक रेघ आहे, जोडाची. तिच्यात काहीतरी तपकिरी, कडक भरलंय. मी नखाने खरवडलं. आत कापूस निघाला, आणि नखाला वास आला तो देवळातल्या धुपाचा. मामा, ती राळ आहे. होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकून वर राळ घालतात, अगदी तसं काम. ओमकार म्हणाला, आधीचा मालक किनाऱ्यावरचा होता, खारं पाणी आत येऊ नये म्हणून त्याने भरून घेतलं.

खरं सांगू, काचांमुळे मनात जे आलं होतं ते ही राळ बघून गेलं. ज्या कुणी हे केलंय त्याने जीव लावून केलंय. होडी समुद्रात तरते या कामावर, मग गाडीला काय होणार? ओमकारच्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन बघून छान म्हटलंय.

त्याने रविवार, २६ तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय, त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आहे. तुमचं पत्र त्याआधी येईलच. नाही आलं तर तुमची ना नाही असं समजते.

संचिता


कट्टा,
शुक्रवार, २४ जानेवारी

संचिता,

ती गाडी घेऊ नकोस. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, पेट्रोल फार लागतं. शिवाय बायकांनी अस्नोड्याच्या चढावरून रोज गाडी नेणं मला पसंत नाही. बस आहे, बसने जा.

याउपर विचारू नकोस.

दत्तामामा


दोडामार्ग,
गुरुवार, ३० जानेवारी

मामा,

तुमचं पत्र आज दुपारी आलं आणि मी ते तीनदा वाचलं. अक्षर तुमचंच आहे, म्हणून विश्वास ठेवावा लागला. "बायकांनी" हा शब्द तुम्ही लिहाल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. मला सायकल तुम्ही शिकवलीत. माझं लग्न मोडलं तेव्हा सगळं घर कुजबुजत होतं, आणि तुम्ही एकटे म्हणालात, "चेडू नोकरी करता, तेचा तेका कळता."

गाडी घेऊन झालीय. रविवारी घेतली. तुमची वाट बघितली, पत्र आलं नाही. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आईने चाकांखाली लिंबं ठेवली आणि सगळ्यांत आधी तीच मागच्या सीटवर जाऊन बसली. सोमवारपासून आम्ही चौघी तिनेच जातो. अक्षया मागे पाय लांब करून झोपते. एकदा रिकाम्या रस्त्यावर सारिकाने ऐंशीपर्यंत नेली. गाडी थोडी डावीकडे ओढते, आणि खड्डा आला की सीटखालून कर्र असा आवाज येतो. बाकी काही नाही.

आईला तुमचं पत्र दाखवलेलं नाही. तिला वाईट वाटेल. मला वाटलंच आहे. मला एक खरं कारण द्या, मामा. जे लिहिलंत ते कारण नाही.

संचिता


कट्टा,
सोमवार, ३ फेब्रुवारी, दुपार

संचू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सुशांत बाईकवरून घेऊन निघतोय. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. हे वाचशील तिथेच गाडी उभी करायची. घरापर्यंतसुद्धा आणायची नाही. आवाज आला म्हणून लिहिलंस ना, तो आवाज जोड सुटू लागल्याचा आहे.

ती गाडी मी केलीय.

ती एक गाडी नाही, दोन आहेत. एक २०११ची, मागून ट्रकने चेपलेली. दुसरी २००८ची, पुढून चुराडा झालेली. २०१३ साली एक माणूस दोन्ही टेम्पोत घालून घेऊन आला. मी एकीचा पुढचा आणि दुसरीचा मागचा अर्धा भाग कापला आणि मधोमध वेल्डिंग करून जोडले. वर पुट्टी, वर रंग. जोडातून पाणी येऊ नये म्हणून कापूस आणि राळ भरली. जिल्ह्यात दुसरा कुणी पत्र्यात राळ भरत नाही. तू नखाला वास आला लिहिलंस तिथेच मला कळलं.

राळ पाणी अडवते, गो. ती गाडी धरून ठेवत नाही. होडीला बाजूने कोण ट्रक आपटत नाही. तू ती राळ बघून भरवसा धरलास. माणसांचा तसा भरवसा बसावा म्हणून मी ती भरली नव्हती, पण बसला.

तुला खरं लिहायला हात उठेना. तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल, पण गाडी घेणार नाहीस, असं वाटून ते घाण पत्र लिहिलं. ते लिहायलाही सहा दिवस लावले. तोवर तू गाडी घेऊन बसलीस.

तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही.

दत्तामामा


दोडामार्ग,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

मामा,

सुशांतदादा सोमवारी साडेचारला पोचला. त्या दिवशी माझी सुट्टी होती. गाडी घेऊन सारिका गेली होती, मागे अक्षया आणि सीता; ड्युटी लांबली होती, त्या परतीच्या वाटेवर होत्या. पत्र वाचल्यावर दादा विचारतोय काय झालं, आणि मी नुसता फोन लावतेय. सारिका चालवताना फोन घेत नाही. अक्षया झोपलेली. सीताने चौथ्या खेपेला उचलला. मी म्हटलं, ब्रेक नादुरुस्त आहे, आत्ताच्या आत्ता थांबा. त्या अस्नोड्याच्या अलीकडे थांबल्या, चढ लागायच्या अगोदर. दादाने आणि मी वडापची जीप घेऊन जाऊन त्यांना आणलं. अक्षया गाडीतून उतरताना कमरेला हात लावून हसत होती, म्हणाली, बरं झालं, जरा पाय मोकळे झाले. मला तिच्याकडे बघवेना.

काल गाडी उचलून इथल्या मंगेशच्या गॅरेजात नेली, रॅम्पवर चढवली. त्याने खालून स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. डाव्या बाजूचा जोड वीतभर उघडलाय. खाली उभं राहून वर बघितलं तर सीटखालून उजेड दिसत होता. मंगेश म्हणाला, "ताय, ह्या फुडचा येगळा आणि मागचा येगळा. कोणी केल्यान ह्या?" मी म्हटलं, माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासाठी खोटं बोलले, आणि मला त्याची किळस आली.

माझं पत्र तुम्हाला अठराला मिळालं असणार. तुम्ही चोवीसला लिहिलंत. त्यातही खरं लिहिलं नाहीत. अठरालाच सुशांतदादाला पाठवलं असतंत तर मी त्या गाडीत कधी बसलेच नसते. मी नऊ वर्षं नर्स आहे, मामा. अपघाताचे पेशंट मी उचलते. कुठून कसे मोडून येतात ते मला दिसतं. ते सगळं डोळ्यांसमोर येतंय आणि त्यात तोंडं आमची चौघींची आहेत. पहिल्या दिवशी तिथे आई बसली होती.

मला झोप लागत नाही, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य नाही. "एकदाच केलं" असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून विचारते. अशा किती गाड्या?

संचिता


कट्टा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

संचू,

चार.

तुझी एक. एक हिरवी होती, ती गोव्यात गेली, पुढे माहीत नाही. एक पांढरी टॅक्सीसाठी घेतली होती, ती भंगारात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. चौथी २०१६च्या मे महिन्यात हायवेवर दुभाजकाला लागली. पेपरात फोटो आला. पुढचा भाग खड्ड्यात आणि मागचा रस्त्यावर उभा, जणू कुणी लावून ठेवलाय. बातमीत होतं की धडक इतकी जबरदस्त होती की गाडीचे दोन तुकडे झाले. धडक जबरदस्त नव्हती. दुभाजकाला नुसती खरचटलेली खूण होती. चालवणारा माणूस गेला. बत्तीस वर्षांचा होता, त्याचं नाव मी तुला लिहीत नाही, पण मला ते रोज आठवतं.

त्याच आठवड्यात मी गॅरेज बंद केलं. कानांचं निमित्त सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. कान तेव्हा बऱ्यापैकी चालू होते.

तुझं पत्र मी या खेपेला मथुरेच्या हातात दिलं. तिने ते पूर्ण वाचलं. मग काल मी पोलीस ठाण्यात जाऊन चारही गाड्यांचं लिहून दिलं. हिरव्या गाडीचा शोध घेऊ म्हणाले. तुझी गाडी कापून टाकावी असं मनात आलं होतं, शनिवारी येऊन स्वतः कापणार होतो. पण तो पुरावा आहे. मंगेशला सांग, हात लावू नको. आणि कोणी केली ते विचारेल तेव्हा माझं नाव सांग. माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलायचं नाहीस.

तुझ्या आईला मी स्वतः सांगेन. पत्राने नाही.

दत्तामामा


कट्टा, बसथांबा,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

संचिता बाळा,

मला पत्र लिहायची सवय नाही. सातवीनंतर आज लिहितेय, आणि तेही स्टॅण्डच्या बाकावर बसून. चुकलं तर सांभाळून घे.

तुझ्या मामांनी तुला चार लिहिलं. त्यांनी तसं लिहिताना मी शेजारी होते. तेव्हा काही बोलले नाही. मला आधी मोजायचं होतं.

राळ भरायचं काम तुझ्या मामांचं नव्हे, आमच्या घरचं. माझे बाबा लवू होड्या बांधायचे, त्यांच्याकडून मामा शिकले. आणि राळ कढवायची ती मी, मागच्या अंगणात, तेल घालून. मी एकदा विचारलं होतं, "गाडयेक राळ कित्याक व्हयी?" ते म्हणाले, "तू राळ कढव, बाकीचा मी बघतंय." पुढे मी विचारलं नाही. पाणी अडवायला असेल म्हटलं. न विचारणं ही माझी चूक, ती मी त्यांच्यावर घालत नाही.

दर गाडीला एक टोप जायचा, कारण राळ कढवलेला टोप पुन्हा कशाला चालत नाही. घासून घासून काळाच राहतो. टाकवेना म्हणून मी त्यांत अबोली लावली. मागच्या दाराशी आहेत, तूही पाहिले आहेस. मंगळवारी मामांनी पत्र बंद केल्यावर मी जाऊन उभी राहिले. पाच टोप आहेत.

मी आत येऊन त्यांच्यासमोर हाताची पाच बोटं धरली. त्यांनी बघितलं आणि खाली मान घातली. ऐकू येत नाही असं ते सोंग करतात कधी कधी, पण बोटं दिसत नाहीत असं म्हणता येईना. मग हळूच म्हणाले, "ती आपल्या व्याह्यांची."

सुशांतच्या लग्नात, पंधरा साली, त्यांनी तन्वीच्या वडिलांना गाडी स्वस्तात करून दिली होती. सावंतवाडीला. आम्ही किती मिरवलं होतं ते. मामा म्हणतात, ती मी सगळ्यांत मजबूत केलीय, तिला काही होणार नाही. पेपरात तो फोटो आल्यानंतरसुद्धा ते हेच घोकत राहिले. सांगितलं तर मुलाचा संसार मोडेल, ही भीती. संचिता, मी चाळीस वर्षं या माणसाच्या ताटात वाढतेय आणि मंगळवारी मला वाटलं की मी यांना ओळखत नाही. मी त्यांच्या अंगावर ओरडले. ते मात्र त्यांना ऐकू आलं.

काल त्यांना पुन्हा ठाण्यात पाठवलं, पाचवी लिहून द्यायला. सुशांतला मी सांगितलं. त्याने सासऱ्यांना लगेच फोन लावला. व्याही हसले. म्हणाले, जावईबापू, दहा वर्षं चालतेय, तुम्हाला कुणी काय भरवलं? तन्वी माहेरी आहे, मुलांच्या शाळेला जत्रेची सुट्टी म्हणून. आज संध्याकाळी ते सगळ्यांना घेऊन आंबोलीला जाणार आहेत. घाटात.

सुशांत बाईकवरून मघाशीच पुढे गेलाय. पण तो जावई, सासऱ्याच्या हातातली किल्ली ओढून घेणार नाही. मला जायलाच हवं. साडेअकराची एसटी आहे, ती बघ लागली. हे पत्र कंडक्टरला पेटीत टाकायला देते.

मी व्याह्यांच्या घरात जाणार नाही. गाडी त्यांच्या अंगणात असेल, तिच्या पुढ्यात जमिनीवर बसेन. त्यांना ती बाहेर काढायची असेल तर विहिणीला हाताला धरून उचलावं लागेल, गावादेखत. ते त्यांना जमणार नाही. मी सगळं सांगून होईपर्यंत तिथून उठणार नाही.

मथुरामामी